वर्गातला पडदा : फाळक्यांच्या वाटाण्यापासून धाटावच्या शाळेपर्यंत

धाटावला बोलायला उभं राहताना आम्हाला नेहमी थोडा संकोच वाटतो. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आम्ही कधी ना कधी तर्कशास्त्राच्या पेपरात कमी मार्क दिलेले आहेत, आणि ते विसरलेले नाहीत हे चेहऱ्यांवरून दिसतं आहे. (हशा) असो.

आजचा विषय ठरला तो असा. मागच्या पावसाळ्यात इथून जवळच्याच एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही गेलो होतो. तिथला शिक्षक आमचा जुना विद्यार्थी. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, अठ्ठावीस मुलं. भिंतीवर एका कारखान्याने दिलेला टीव्ही. बी रुजतं कसं, याचा व्हिडिओ चालू होता. पडद्यावर बी फुगलं, साल फाटली, कोंब वर आला, दोन पानं उघडली. सगळं मिळून दहा-बारा सेकंदांत. मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमची आई बिरड्याला वाल भिजवते, तेव्हा मोड यायला दोन दिवस जातात. ह्याला एवढ्यात कसे आले?"

शिक्षकाने व्हिडिओ थांबवला. पडद्यावरचा कोंब अर्धवट वाकलेला तसाच राहिला. "कुणाला काय वाटतं?" त्याने वर्गाला विचारलं. एक जण म्हणाला, खत घातलं असेल. दुसऱ्याने सांगितलं, कंपनीतली पावडर. औद्योगिक वसाहतीच्या शेजारची मुलं, त्यांना कुठल्याही चमत्काराचं कारण कंपनीत सापडतं. तिसऱ्याने मात्र विचार करून सांगितलं की मधलं मधलं कापलेलं असणार. मग वाद सुरू झाला. पुढची वीस मिनिटं तो व्हिडिओ काही पुन्हा चालू झाला नाही.

आम्ही घरी परत आलो, पण तो थांबलेला कोंब डोळ्यांसमोरून हलेना. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहास हा आमचा प्रांत नव्हे. तरी त्या दिवसापासून एक प्रश्न मागे लागला. वर्गात हलती चित्रं आणण्याचे प्रयत्न शंभराहून अधिक वर्षं चालू आहेत. या सगळ्या काळात ते चित्र थांबवण्याचा हक्क कुणाकडे होता? आज आम्ही तेवढंच सांगणार आहोत. यंत्रांची नावं येतील, ती ओघाने येतील.

सुरुवात वाटाण्यापासून करू. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन मुंबईला आले. 'राजा हरिश्चंद्र' काढायचा तर भांडवल हवं, आणि भांडवल द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच्या वाढीचं रोज थोडंथोडं चित्रण केलं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसायला लागली. 'अंकुराची वाढ' या नावाने हे चित्र ओळखलं जातं. ते पाहून लोकांचा विश्वास बसला, पैसा उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पण यातला एक भाग आपण नीट पाहत नाही. आपल्याकडच्या चित्रपटाच्या जन्मकथेत देवादिकांच्या आधी एक वाटाणा उगवलेला आहे. शास्त्राच्या तासाला दाखवावं असं ते चित्र होतं. त्याचे पहिले प्रेक्षक विद्यार्थी नव्हते, सावकार होते, एवढाच फरक.

नेमक्या त्याच वर्षी, १९१३ साली, तिकडे अमेरिकेत एडिसन महाशय सांगत होते की शाळेतली पुस्तकं आता लवकरच कालबाह्य होणार, सगळे विषय चित्रपटांतून शिकवले जाणार. एडिसन थोर माणूस. पण ते स्वतः चित्रपटाची यंत्रं विकत होते, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्यानंतर जेव्हा जेव्हा नवं यंत्र आलं, तेव्हा तेव्हा हेच भाकीत कुणीतरी पुन्हा केलं. यंत्राचं नाव तेवढं बदललं.

आता जरा आमच्या प्रांतात येऊ. न्यायदर्शनात प्रमाणं सांगितली आहेत. इंद्रियाचा वस्तूशी संबंध येऊन जे ज्ञान होतं ते प्रत्यक्ष. भरवशाच्या माणसाने सांगितल्यामुळे जे ज्ञान होतं ते शब्द. मग वर्गात व्हिडिओ पाहून जे कळतं, ते यांपैकी कशात बसवायचं? मुलं म्हणतील, प्रत्यक्ष, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पण डोळ्यांचा संबंध आला तो पडद्याशी. बी तिथे नाही, माती नाही, पाणी नाही. कुठल्या तरी माणसाने ठरवलं की कुठलं बी घ्यायचं, कॅमेरा कुठे ठेवायचा, मधले किती तास गाळायचे. म्हणजे हे 'शब्द' प्रमाण आहे, प्रत्यक्षाचे कपडे घालून आलेलं. आणि शब्दप्रमाणाची अट अशी की सांगणारा भरवशाचा आहे का, हे तपासता आलं पाहिजे. त्याला उलट विचारता आलं पाहिजे. त्या वाडीवरच्या मुलीने हेच केलं. ती न्यायशास्त्र शिकलेली नाही, बिरडं सोललेलं आहे.

प्लेटोच्या गुहेची गोष्ट आम्ही पस्तीस वर्षं शिकवली. गुहेत साखळदंडांनी बांधलेले लोक, समोरच्या भिंतीवर हलणाऱ्या सावल्या. विद्यार्थी दरवर्षी लिहायचे, 'सावल्या म्हणजे असत्य'. आम्हीही त्याला मार्क देत आलो. आता वाटतं, आमचंही थोडं चुकलंच. सावलीवरून खूप काही शिकता येतं, ग्रहणं सावल्यांवरूनच कळली. त्या कैद्यांना मान वळवता येत नव्हती, ही खरी अडचण होती.

आमच्या लहानपणी तरी मान वळवायची सोय नव्हती. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. वर्षातून एखाद्या वेळी सरकारची सिनेमाची गाडी यायची. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं होतं, त्यांचे माहितीपट घेऊन ही गाडी गावोगाव फिरे. चावडीपुढे दोन बांबूंना पडदा बांधायचा. गाडीबरोबर स्वतःचं जनरेटर, कारण गावात वीज नाही. धरणं, खतं, देवीची लस. एकदा कुठल्याशा पोलाद कारखान्याचं चित्र लागलं होतं. वितळलेलं लोखंड ओतताना पाहून आम्ही अंग चोरलं होतं, ते आजही आठवतं. आमच्या मास्तरांनी ऑपरेटरला विनंती केली, "जरा तेवढं परत दाखवता का?" तो म्हणाला, रीळ मागे फिरवता येत नाही, पुढच्या गावाला जायचं आहे. त्याच्या परीने तो बरोबर होता. मास्तरांनी मात्र दुसऱ्या दिवशी फळ्यावर भट्टी काढली, आणि आम्हाला लोखंडाबद्दल जे कळलं ते त्या फळ्यावरून.

इथे एक आडवाट घेतो, कारण धाटावला उभं राहून ती न घेणं बरं दिसणार नाही. पडद्याला वीज लागते. आपल्या अंगणातून वाहणारी ही कुंडलिका बारा महिने भरलेली असते ती भिऱ्यामुळे. मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून खाली सोडून टाटांनी भिऱ्याला १९२७ साली वीजघर सुरू केलं. त्या धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा सत्याग्रह १९२१ साली झाला, सेनापती बापटांनी लढवला. वीज निघाली ती तारांवरून थेट मुंबईला. वापरलेलं पाणी आमच्या नदीत आलं. म्हणजे ज्या पाण्याने मुंबईच्या गिरण्या चालवल्या, ते पाणी आमच्या गावांपर्यंत काम संपवूनच पोचायचं, आणि गावं मात्र कंदिलावर. सत्तरच्या दशकापासून इथे कारखाने आले, मग हळूहळू चित्र पालटलं. हे सांगायचं कारण, यंत्र कुठे चाललं आणि कुठे चाललं नाही, याचा इतिहास बऱ्याचदा तारा कुठून कुठे गेल्या याचाच इतिहास असतो. आजही वीजबिल थकलं म्हणून जिल्हा परिषद शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतात. भिंतीवर टीव्ही आणि मीटर बंद.

परत मूळ रस्त्यावर येऊ. चित्रपटानंतर दूरदर्शन. दिल्लीत १९६१ साली शाळांसाठी दूरचित्रवाणीचे पाठ सुरू झाले. कारण साधं होतं, विज्ञानाचे शिक्षक पुरेसे नव्हते आणि प्रयोगशाळाही नव्हत्या. हे कारण लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन 'साइट' नावाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट कार्यक्रम. आपलं राज्य त्या सहांत नव्हतं. पण त्या प्रयोगातून सरकारला खात्री पटली की उपग्रहावरून खेड्यातल्या वर्गापर्यंत पोचता येतं. इन्सॅट-१बी १९८३ साली वर गेला, आणि त्याच्या जोरावर सहा राज्यांत शैक्षणिक कार्यक्रम करणाऱ्या संस्था निघाल्या. महाराष्ट्राची ती संस्था म्हणजे पुण्याची बालचित्रवाणी, १९८४ साली सुरू झालेली.

बालचित्रवाणी म्हटल्याबरोबर तुमच्यातल्या चाळिशी ओलांडलेल्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. येणारच. त्या काळी मराठीत मुलांसाठी, पाठ्यपुस्तकाला धरून, इतक्या निगुतीने काम करणारी दुसरी जागा नव्हती. बाहुल्या होत्या, गाणी होती, नाटुकली होती, भूगोल होता. पुण्यात सेनापती बापट मार्गावर, बालभारतीच्या शेजारी तिची इमारत. मुळशीचा सेनापती आणि मुलांचा टीव्ही असे एकाच पत्त्यावर आले, हा योगायोग आम्हाला आवडतो.

पण आता एक विचारतो. बालचित्रवाणी तुम्ही पाहिली कुठे? आम्ही हे गेली काही वर्षं भेटेल त्याला विचारत आहोत. बहुतेकांचं उत्तर एकच, घरी. दुपारची शाळा होती म्हणून सकाळी, नाही तर आजारी होतो म्हणून. वर्गात बसून, शिक्षकांबरोबर पाहिली असं सांगणारा क्वचित भेटतो. याचं कारण कार्यक्रमांत नाही, वेळापत्रकात आहे. प्रसारण ठरल्या वेळी होणार. त्या वेळी वर्गात गणिताचा तास असेल तर अपूर्णांक सोडून पंचमहाभूतांकडे वळायचं कसं? चौथीचा पाठ लागला तर त्याच खोलीतल्या दुसरीने काय करायचं? मास्तरांच्या हातात एकच बटण, चालू आणि बंद. 'थांब' म्हणायची सोय नाही, 'मागे जा' म्हणायची नाही, आणि 'हे आज नको, पुढच्या सोमवारी' असं तर मुळीच नाही. चावडीपुढच्या ऑपरेटरची जागा आता अवकाशात गेली होती. त्यालाही पुढच्या गावाला जायचंच होतं.

महाविद्यालयांत तीच कथा. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'कंट्रीवाइड क्लासरूम' हे कार्यक्रम दूरदर्शनवरून सुरू झाले. उत्तम कार्यक्रम होते, आम्ही कित्येक पाहिले, खगोलशास्त्रावरचे तर आवडीने. ते इंग्रजीत. आमची मुलं रोहा-कोलाड-तळ्याकडून एसटीने येणारी. आम्ही तेव्हा ज्या महाविद्यालयात होतो, त्याचं नाव घेत नाही, तिथे मोठ्या हौसेने रंगीत टीव्ही आला. त्याला लाकडी कपाट केलं, कपाटाला कुलूप. किल्ली कचेरीत. किल्ली मागायला अर्ज. पहिला अर्ज मंजूर होऊन किल्ली हातात पडली, तेव्हा कार्यक्रम संपला होता आणि बातम्या लागल्या होत्या. दुसऱ्यांदा लाइट गेली. तिसरा अर्ज आम्ही केला नाही. यात आमचाही दोष आहे, नाकारत नाही. ज्या यंत्रावर आपली सत्ता नाही, त्याच्यासाठी माणूस फार काळ भांडत नाही.

बालचित्रवाणीचं पुढे काय झालं हेही सांगितलं पाहिजे. केंद्राचा निधी थांबला, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले, संस्था वर्षानुवर्षं जेमतेम श्वास घेत राहिली आणि २०१७ साली ती बंद करण्यात आली. आम्हाला याचं फार वाईट वाटलं. कारण नेमक्या त्याच सुमारास चित्र थांबवायचं बटण मास्तरांच्या हातात येत होतं. ज्यांना मराठी मुलांसाठी चित्र करता येत होतं ते घरी गेले, आणि ज्यांना ते दाखवता येणार होतं ते एकटे पडले.

या दोन्हींच्या मधे व्हिडिओ कॅसेट येऊन गेली. थांबवायची सोय पहिल्यांदा तिने आणली. पण आपल्या भागात व्हीसीआर म्हणजे सार्वजनिक सत्यनारायणाच्या रात्री भाड्याने आणायची वस्तू. एका रात्रीत तीन सिनेमे, आणि भाडं वसूल व्हायला हवं म्हणून थांबायचं नाहीच. वर्गात ती क्वचितच आली. तिच्याबद्दल एवढंच.

खरा बदल झाला तो २०१० नंतरच्या चार-सहा वर्षांत, आणि तो सरकारने आणला असं म्हणता येणार नाही. तो शिक्षकांच्या खिशातून आला. खिशात स्मार्टफोन आला, त्यात चित्र साठवता येऊ लागलं. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने लोकवर्गणी आणि स्वस्तातली साधनं यांवर डिजिटल वर्ग उभा केला, तो पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाला आणि या लाटेला बळ मिळालं. गावागावांत वर्गणी निघाली. कुणी टीव्ही दिला, कुणी प्रोजेक्टर, कुठे मोबाइलपुढे प्लॅस्टिकचं भिंग ठेवून चित्र मोठं करायचं. इकडे १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचं बंधन आलं होतं, त्यामुळे कारखान्यांच्या पट्ट्यात यंत्रं मिळणं तुलनेने सोपं झालं.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव तुम्ही ऐकलं आहेच. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापायचा, फोन त्यावर धरला की त्या पाठाचं चित्र किंवा ध्वनी उघडतो. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ही पद्धत आली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटली. बक्षिसाची चर्चा फार झाली. आम्हाला त्यातली मोलाची गोष्ट वेगळी वाटते. कोड पुस्तकाच्या पानावर आहे. म्हणजे पुस्तक आधी उघडायचं, चित्र नंतर, आणि तेही आपल्याला हवं तेव्हा. एडिसनने ज्या पुस्तकाला निरोप दिला होता, तेच पुस्तक इथे चित्राचं दार झालं.

थांबण्याने काही फरक पडतो का, की हे म्हाताऱ्याचं कौतुक? मेयर आणि चँडलर या दोन संशोधकांनी २००१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वीज कशी चमकते, याचं अडीच मिनिटांच्या आतलं हलतं चित्र. काही विद्यार्थ्यांना ते सलग दाखवलं. काहींना तेच सोळा तुकड्यांत दाखवलं, दर तुकड्यानंतर चित्र थांबायचं आणि विद्यार्थ्याने बटण दाबलं की पुढे जायचं. चित्र तेच, शब्द तेच. नवा प्रश्न सोडवायची वेळ आली तेव्हा थांबत थांबत पाहणारे पुढे होते. दुसरं काम डेरेक मुलर यांचं, सिडनी विद्यापीठातल्या २००८ च्या प्रबंधातलं. पदार्थविज्ञानाचा अगदी स्वच्छ, सुबोध व्हिडिओ पाहिलेली मुलं म्हणाली, छान कळलं. परीक्षेत त्यांच्या जुन्या चुकीच्या समजुती तशाच निघाल्या, आत्मविश्वास मात्र वाढलेला. ज्या व्हिडिओत त्या चुकीच्या समजुती आधी बोलून दाखवून मग त्यांवर वाद घातला होता, तो मुलांना गोंधळाचा वाटला. शिकली मात्र तीच मुलं जास्त. आमच्या वाडीवरच्या वर्गात 'कंपनीतली पावडर' म्हणणारा मुलगा म्हणूनच महत्त्वाचा. तो बोलला नसता तर ती पावडर त्याच्या डोक्यात कायमची राहिली असती.

मग आलं २०२०. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. पडदा वर्गातून उठून घरी गेला. आता थांबवायचं बटण पहिल्यांदाच मुलाच्या हातात आलं, पण थांबून विचारायचं कुणाला? आणि मुळात फोन कुठे होता? धाटावच्या पट्ट्यात तो बापाबरोबर ड्युटीवर जायचा. फर्स्ट शिफ्ट असली की मुलाचा अभ्यास दुपारनंतर, सेकंड असली की सकाळी, नाइट असली तर बाप झोपलेला आणि फोन चार्जिंगला. एका घरातल्या तीन भावंडांनी त्याप्रमाणे तास वाटून घेतलेले आम्ही पाहिले आहेत. कातकरी वाड्यांवर तर फोन असला तरी रेंजसाठी टेकाडावर जावं लागे. त्यांची मुलं पावसाळा संपला की आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर जातात, ती थेट पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. त्यांना पडदाबंद शाळा काही नवीन नव्हती.

त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, घरातल्या वस्तू घेऊन पालकांबरोबर करायच्या कृतींवर बेतलेली. आमच्या मते त्या वर्षातलं हे सर्वांत शहाणपणाचं काम होतं. इंटरनेट नाही, तर जुनं दूरदर्शन. पुन्हा ठरल्या वेळी, पुन्हा न थांबणारं. पण करणाऱ्यांनी ते ओळखलं होतं. कार्यक्रमच असा रचला होता की मुलांनी पडद्यापासून उठून वाटी, चमचा, माचिसच्या काड्या गोळा कराव्यात.

आता आजचं बोलतो. इथे काही जणांना आमचं बोलणं कडू लागेल. त्या वाडीवरच्या शाळेत दुसऱ्या शिक्षिकेची बदली झाली आहे. जागा भरेपर्यंत एकाने पाच वर्ग सांभाळायचे. याच सुमारास शाळेला आणखी एक मोठा पडदा देऊ करण्यात आला, सगळ्या इयत्तांचे पाठ आधीच भरलेला. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण ग्रामसभेत कुणीतरी सहज बोलून गेलं, "आता बाई नाही आल्या तरी चालेल." आमच्या विद्यार्थ्याने आम्हाला फोन करून विचारलं, "सर, पडदा घेऊ की नको?"

दिल्लीचं १९६१ सालचं कारण लक्षात ठेवायला सांगितलं होतं, ते इथे आलं. शिक्षक नाही म्हणून पडदा. तेव्हा ती सोय होती, आता ती सबब होऊ शकते. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची चर्चा राज्यात झाली. छोट्या शाळा परवडत नाहीत असं एकदा ठरलं की भरलेला पडदा हा फार स्वस्त शिक्षक वाटायला लागतो. त्याच वर्षी जुलैत युनेस्कोचा शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरचा अहवाल आला, त्यातही हाच इशारा आहे की यंत्र शिक्षकाच्या मदतीला असावं, जागेवर नव्हे. पॅरिसच्या अहवालापर्यंत जायची तरी काय गरज? त्या दिवशी वर्गात शिक्षक नसता तर काय झालं असतं, ते पाहा. बी दहा सेकंदांत उगवलं असतं आणि पुढचा पाठ आपोआप सुरू झाला असता. हल्ली एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लागतो, ते माहीत आहे ना? चावडीपुढचा ऑपरेटर परत आला आहे. त्याला अजूनही पुढच्या गावाला जायची घाई आहे, आणि आता तर तो कुणाला दिसतही नाही.

आम्ही त्याला फोनवर सांगितलं, पडदा घे. सोडू नकोस, चांगली वस्तू आहे. पण त्याच अर्जात शिक्षिकेची मागणी लिही, दोन्ही एकाच कागदावर, म्हणजे एक मंजूर करून दुसरं विसरायचं झालं तरी कागदावर राहील. ग्रामसभेत बाईंबद्दल ते वाक्य बोलणारे गृहस्थ आज या सभागृहात आहेत असं आम्हाला कळलं आहे. त्यांच्यावर राग नाही. त्यांनी एकदा वर्गात येऊन बसावं, एवढं आमंत्रण त्या शिक्षकाच्या वतीने देतो.

मुलीच्या प्रश्नाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी ती घरून मूठभर वाल घेऊन आली. नारळाच्या करवंटीत माती भरून ते पेरले. शिक्षकाचा फोन एका डब्याला टेकवून रोज मधल्या सुट्टीत, त्याच जागेवरून, एक फोटो. जागा हलू नये म्हणून जमिनीवर खडूने खूण केली. रविवारी शाळा बंद, तर वाडीवरचीच दोन पोरं शिक्षकाने मागे ठेवलेला जुना फोन घेऊन यायची. एकोणीस फोटो झाले. एका सेकंदाला दोन असे लावले तर साडेनऊ सेकंदांचं चित्र. आम्हाला त्याने ते पाठवलं आहे. सतराव्या फोटोत वेल हाताएवढा झालेला दिसतो. अठराव्यात करवंटी आडवी आणि कोपऱ्यात कोंबडीची शेपटी. एकोणिसाव्यात नुसतीच माती. हे दाखवून झाल्यावर मुलांनीच "थांबवा, थांबवा, मागे घ्या" असा गलका केला म्हणे, कोंबडी कुणाची ते ओळखायला.